मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मदीक्षा देणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. परंतु जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत देशाचे मजूरमंत्री होते, हे आपल्यापैकी कितीजणांना सविस्तर ठाऊक आहे? आपल्या संस्थेतील बहुतेक सभासद नोकरदार आहेत, विद्यार्थी उद्या होतील. म्हणून हा भाग समजून घेणे अगत्याचे आहे.

बाबासाहेबांना कामगारांचे जीवन पुस्तकातून कळलेले नव्हते. परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात ते वाढले. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार अधिक मिळे. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. त्याच हाताने तयार झालेले कापड मात्र सर्वांना चाले! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना विचारले, मालकाच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांनी हा अन्याय का सोसावा?

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे. समता, स्वातंत्र्य व बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी केला. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी मुंबईत संप झाला. त्यात त्यांचा पक्ष आघाडीवर होता.

असा माणूस मजूर खात्यात गेल्यावर काय घडले? १९४२ पासून सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसू लागले. १९४४ मध्ये कोळसा खाणींतील कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. कायम चालणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना वर्षातून १० दिवसांची पगारी रजा मिळू लागली. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले व १९४६ मध्ये ते लागू झाले. सेवायोजन कार्यालयांची सुरुवातही याच काळातली. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला.

या काळात अवघड प्रसंगही आले. युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली आणि स्त्रियांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरील बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली. विधिमंडळात टीका झाली. बाबासाहेबांनी हा निर्णय आणीबाणीपुरता असल्याचे सांगितले व समान कामाला समान वेतन हे तत्त्व आग्रहाने मांडले. १९४६ च्या आरंभी ती बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसल्यावर प्रत्येक गोष्ट मनासारखी होत नाही. पण तेथेही तत्त्वाचा धागा सोडायचा नसतो, हे यातून शिकावे.

सत्तेच्या त्या जागेवरून ते आपल्या समाजाला विसरले नाहीत. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी प्रथमच ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. मात्र कामाचे तास कमी झाले, पगारी रजा मिळाली, ती सर्व जातिधर्मांच्या कामगारांना. म्हणून त्यांना केवळ दलितांचे पुढारी म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

२०१९ व २०२० साली संसदेने चार कामगार संहिता मंजूर केल्या आणि अनेक जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. कायदे बदलतात. त्यांत आपले काय राहिले व काय गेले, हे वाचून समजून घेणारा कामगारच आपला हक्क राखू शकतो. कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या बांधवाला त्याचा हक्क समजावून सांगणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे. विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना त्यांची विधिमंडळातील भाषणेही वाचा. महाराष्ट्र शासनाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत. वाचणे आणि इतरांना सांगणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!