टीसीएल, मीठ आणि बोअरचं पाणी

मैत्रिणींनो, विहिरीत टाकतो त्या टीसीएल पावडरीत क्लोरीन, मिठात आयोडीन आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, म्हणजे फ्लोरीन. ही तिन्ही मूलद्रव्यं एकाच घरातली. रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली गुण जुळणारी मूलद्रव्यं एकत्र मांडली. गुण का जुळतात, ते पुढे कळलं: या तिन्हींच्या अणूत सर्वांत बाहेर सात इलेक्ट्रॉन असतात, आठव्याची जागा रिकामी. ती भरली की फ्लोरीनचं फ्लोराइड होतं आणि पाण्यात विरघळून राहतं. ते उकळून जात नाही, टीसीएलनंही नाही. वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर दात डागाळतात, हाडं आखडतात. म्हणून आपण बोअरचं पाणी तपासून घेऊ. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं, तर ते पाणी प्यायला नको.