गुंतवणुकीचा टक्का आणि त्यामागचा हिशेब

श्रीमंत अमेरिका आणि कमी उत्पन्नाचे देश यांच्या स्थिर भांडवल गुंतवणुकीची तुलना बहुतेक वेळा एकाच टक्क्यावर उरकली जाते. त्यातून काही समज पक्के झाले आहेत.

गैरसमज : गुंतवणूक म्हणजे शेअर, सोने, जमीन.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय हिशेबात यातले काहीच स्थिर भांडवलात धरत नाहीत. शेअर किंवा जमीन विकली की फक्त मालक बदलतो. मोजले जातात ते रस्ते, घरे, यंत्रे, ट्रक, सॉफ्टवेअर, इतकेच काय, फळबागा आणि दुभती जनावरेसुद्धा. अमेरिकेने २०१३ पासून संशोधनावरचा खर्चही त्यात धरला.

गैरसमज : श्रीमंत देश उत्पन्नाचा मोठा हिस्सा गुंतवतात, गरीब देश खाऊन टाकतात.
वस्तुस्थिती : अमेरिका जीडीपीचा साधारण पाचवा हिस्सा गुंतवते. इथिओपियाने २०१० च्या दशकात बरीच वर्षे एक तृतीयांशाहून जास्त गुंतवला. फरक आहे तो रकमेत. २०२२ मध्ये अमेरिकेची गुंतवणूक पाच लाख कोटी डॉलरच्या वर होती, म्हणजे माणशी सुमारे १५ हजार डॉलर. इथिओपियाचे दरडोई उत्पन्नच हजार डॉलरच्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढला तरी हाती येतात साडेतीनशे डॉलर.

गैरसमज : गुंतवणुकीचा आकडा म्हणजे तेवढी नवी भर.
वस्तुस्थिती : हा आकडा घसारा वजा न करता काढलेला असतो. आगारातली जुनी एसटी मोडीत काढून नवी घेतली, तर खर्च झाला, पण गाड्या तेवढ्याच राहिल्या. अमेरिकेच्या गुंतवणुकीपैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम अशी झीज भरून काढण्यात जाते. गरीब देशांची अडचण वेगळी आहे. तिथे लोकसंख्या वेगाने वाढते, त्यामुळे नवे भांडवल दरवर्षी जास्त माणसांत वाटले जाते.

गैरसमज : भांडवल कमी तिथे नफा जास्त, म्हणून पैसा आपोआप गरीब देशांकडे वळेल.
वस्तुस्थिती : अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९९० मध्ये पाठ्यपुस्तकी सूत्र भारत आणि अमेरिकेला लावून पाहिले. त्या सूत्रानुसार भारतात भांडवलाचा परतावा अमेरिकेच्या ५८ पट यायला हवा होता. भारत तेव्हा कमी उत्पन्नाच्या गटात होता (२००७ मध्ये तो त्यातून बाहेर पडला), तरी पैशाचा असा लोंढा काही आला नाही. कुशल हात, वीज आणि करार पाळले जाण्याची खात्री नसेल, तर यंत्र एकटे नफा देत नाही. शिवाय ते यंत्र डॉलर मोजून आणावे लागते, आणि स्थानिक उत्पन्नाच्या मानाने ते फार महाग पडते.

गैरसमज : जितका खर्च, तितके भांडवल.
वस्तुस्थिती : हिशेबात खर्च लिहिला जातो, उपयोग नाही. इथिओपियातील अदिस अबाबा ते जिबूती ही सुमारे ७५० किलोमीटरची विजेवरची रेल्वे २०१६ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः चिनी कर्जावर. बंदरापर्यंतच्या मालवाहतुकीतले दिवस वाचले. पण वीजपुरवठ्यात खंड पडला की गाड्या खोळंबायच्या. उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही आणि २०१८ मध्ये कर्जाची मुदत १० वर्षांवरून ३० वर्षांवर न्यावी लागली. गुंतवणुकीच्या तक्त्यात मात्र ही रेल्वे पूर्ण किमतीनेच नोंदली जाते.

त्यामुळे दोन देश शेजारी ठेवताना टक्का पाहावाच, पण माणशी रक्कम किती, घसारा जाऊन उरले किती आणि उभे राहिलेले चालते किती, हेही विचारावे.