पंचवटीच्या रामाला 72,000 किलोमीटरचा वळसा

उंबरगाव ते नाशिकची पंचवटी हे अंतर सरळ रेषेत जेमतेम 110 किलोमीटर. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’चं चित्रीकरण गुजरातेतल्या या किनाऱ्यावरच्या गावात झालं. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला मालिका दूरदर्शनवर लागू लागली. तेव्हा हा शेजारचा राम नाशिककरांच्या घरी किती किलोमीटर तुडवून यायचा? नुसता आकाशातला प्रवास 72,000!

हिशेब सोपा आहे. राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून सुटायचे. तिथून लहर 36,000 किलोमीटर वर ‘इन्सॅट-1बी’ उपग्रहाकडे जायची, तेवढीच खाली प्रक्षेपकाकडे यायची आणि मग घरोघरच्या अँटेनांवर. पृथ्वीभोवती पावणेदोन फेऱ्या होतील एवढं अंतर, आणि वेळ पाव सेकंद! पडद्यावर सेकंदाला 25 चित्रं उमटायची. म्हणजे रामाने बाण सोडला, की त्यातली सहा चित्रं कुठल्याही क्षणी वाटेतच असायची.

एवढा वळसा कशासाठी? मुंबई दूरदर्शनचा वरळीचा मनोरा 300 मीटर उंच, पण नाशिकपासून दीडशे किलोमीटर लांब. एवढ्या उंचीवरून लहरी सपाटीवर साधारण 70 किलोमीटर जातात, पुढे पृथ्वीचा बाक आडवा येतो. इथे तर मध्ये सह्याद्रीही उभा. उपग्रहाला ना बाकाची अडचण, ना घाटाची. त्याच्या भरवशावर 1984 मध्ये काही महिने देशात सरासरी रोज एक प्रक्षेपक उभा राहिला.

खोळंबा व्हायचा तो शेवटच्या दहा फुटांत. वारा सुटला किंवा अँटेनावर कावळा बसला, की पडद्यावर मुंग्या. मग एकाने गच्चीवर पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, “आलं, आलं... थांब, गेलं!”

78 भागांची ही मालिका 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा लागली. 16 एप्रिलच्या रात्री ती 7.7 कोटी लोकांनी पाहिली, असं दूरदर्शनने जाहीर केलं. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर 14.86 लाखांचं होतं. म्हणजे 52 नाशिक एकाच वेळी टीव्हीसमोर! माणशी एक तास धरला, तर त्या एका रात्रीत प्रेक्षकांचा मिळून सुमारे 8,780 वर्षांचा वेळ गेला. रामाचा चौदा वर्षांचा वनवास त्यात 627 वेळा बसतो.