जुन्या लेथला नवी मोटार

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल आधी आठवतात. पण याच शहरात लोखंड कापणाऱ्यांचेही एक जग आहे. १९९२ साली इथे सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीत मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट तयार होतात. अशा मोठ्या कारखान्यांखेरीज लहान वर्कशॉपही असतात. तिथे दोन-तीन यंत्रे असतात, त्यांतले एखादे जुने सीएनसी लेथ कुठून तरी सेकंडहँड घेतलेले असते, आणि घरचा खर्च व बँकेचा हप्ता दोन्ही त्याच्यावरच चालतात. आज बोलायचे आहे ते अशा लेथबद्दल.

समजा, या लेथवर पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या पिना होतात आणि मापात वीस मायक्रोनचा फरक चालतो. मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्षानुवर्षे माप बरोबर येत होते. अलीकडे मात्र दहातल्या दोन-तीन पिना बाद होऊ लागल्या. मधूनच यंत्र अलार्म देऊन थांबते. ऑपरेटर म्हणतो, ''मालक, मोटारीत जीव राहिला नाही. नवी बसवा.'' मालकही मोटार आणि ड्राइव्हचे दर काढायला लागतो. त्याने पैसे मोजण्यापूर्वी ही मोटार करते काय, ते आधी समजून घेऊ.

विहिरीवरची मोटार बटण दाबले की फिरत राहते. किती फिरली याच्याशी तिला देणेघेणे नसते. सर्व्हो मोटार तशी नाही. सर्व्हो हा शब्द सेवक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. हा सेवक सांगितले तेवढेच काम करतो आणि किती झाले ते लगेच कळवतो. लेथचा कंट्रोल, म्हणजे त्याचा संगणक, हुकूम देतो. ड्राइव्ह त्या हुकमाप्रमाणे मोटारीला वीज पुरवतो. मोटारीच्या मागे बसवलेला एन्कोडर तिचे फेरे मोजून कंट्रोलला सांगतो. सांगितले आणि झाले यांत फरक दिसला की कंट्रोल तो भरून काढतो. सेकंदात शेकडो वेळा हा हिशेब चालतो.

मोटारीला जोडलेला असतो बॉल स्क्रू. तो फिरला की स्लाइड सरकते आणि तिच्यावरचे टूल जॉबकडे जाते. गोम इथेच आहे. एन्कोडर मोटारीचे फेरे मोजतो, टूल खरोखर कुठे आहे ते तो पाहत नाही. मोटारीपासून टूलपर्यंत कप्लिंग, बेअरिंग, स्क्रू, नट आणि स्लाइड इतके सगळे येते. त्यातले काही सैल झाले तर मोटार इमानाने पूर्ण फिरते, एन्कोडर इमानाने 'झाले' म्हणून सांगतो, आणि टूल मात्र जागेवर पोचलेले नसते. अशा वेळी नवी मोटार बसवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून आधी डायल गेज लावा. ते स्लाइडला टेकवून हँडव्हीलने दहा-दहा मायक्रोनची पावले एकाच दिशेने द्या. काटा प्रत्येक पावलाला हलला पाहिजे. मग दिशा उलटी करा. पहिल्या दोन-तीन पावलांना काटा जागचा हलला नाही, तर तेवढा प्ले आहे असे समजा. व्यासाच्या मापात तो दुप्पट दिसतो, कारण टूल दहा मायक्रोन मागे राहिले की व्यास वीस मायक्रोनने वाढतो. ही परीक्षा स्क्रूच्या दोन-तीन ठिकाणी करा. चकजवळच्या भागात रोजचे काम होते, म्हणून झीजही तिथेच जास्त असते. कंट्रोलमध्ये प्ले भरून काढणारा आकडा घालता येतो, पण एका ठिकाणी पाच आणि दुसऱ्या ठिकाणी तीस मायक्रोन झीज असेल, तर तो एकच आकडा कुठे कुठे पुरणार?

उन्हाचाही विचार करायला हवा. पोलाद एक अंश तापमानवाढीला मीटरमागे सुमारे बारा मायक्रोन वाढते. अर्धा मीटर लांबीचा स्क्रू कामाने आणि हवेने दहा अंशांनी तापला, तर तो साठेक मायक्रोनने लांबतो. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. सकाळचे माप दुपारी बिघडत असेल, तर मोटारीवर आळ घेण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

एवढे तपासूनही लोखंडी भाग ठणठणीत निघाले, तर मात्र मोटारीकडे वळावे. तिला बदलण्याची खरी कारणेही असतात. आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ साली झाले. १९७० नंतरच्या दशकात अशा यंत्रांवर डीसी सर्व्हो मोटारी रूढ झाल्या, आणि १९८० नंतर एसी सर्व्हो मोटारी त्यांची जागा घेऊ लागल्या. घरच्या मिक्सरमध्ये असतात तसे कार्बन ब्रश डीसी मोटारीत असतात. ते झिजतात. त्यांची काळी भुकटी तेलाच्या वाफेत मिसळून आत बसते, ठिणग्या उडतात, कम्युटेटरवर चरे पडतात. एसी सर्व्होमध्ये ब्रश नाहीत. फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि तारांची गुंडाळी बाहेरच्या अंगाला असते, त्यामुळे उष्णता सहज निघून जाते. जुन्या ड्राइव्हचे सुटे भाग मिळेनासे झाले, तर बदल करण्यावाचून गत्यंतर नसते.

पण 'तेवढ्याच किलोवॉटची द्या' असे सांगून मोटार घेतली तर फसगत होते. दीड किलोवॉटची मोटार १५०० फेऱ्यांची असेल तर तिचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, साडेनऊ न्यूटन-मीटर असतो. तेवढ्याच किलोवॉटची ३००० फेऱ्यांची मोटार घेतली तर तो पावणेपाचच्या आसपास उरतो. किलोवॉट तेच, जोर निम्मा. म्हणून जुन्या मोटारीच्या पाटीवरचा टॉर्क आणि वेग दोन्ही पाहावेत.

टॉर्क जुळला तरी जडत्व उरतेच. नव्या मोटारीचा रोटर बहुधा जुन्यापेक्षा पुष्कळ हलका असतो. बारीक अंगाच्या माणसाने भरलेली हातगाडी ढकलली तर ती चालू लागते, पण थांबवताना तीच त्याला ओढत नेते. तसेच हलक्या रोटरवर जड स्लाइडचे ओझे पडले की थांबताना थरथर होते आणि जॉबवर लाटा उमटतात. हे गुणोत्तर विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.

तिसरी जुळणी भाषेची. जुने कंट्रोल बहुतेक उणे दहा ते अधिक दहा व्होल्टच्या संकेताने ड्राइव्हला वेग सांगतात. नव्यांपैकी काही ड्राइव्हना हा संकेत कळतो, काहींना फक्त अंकांच्या साखळीने बोललेले कळते. शिवाय काही कंट्रोलमध्ये ड्राइव्हचे निम्मे काम कंट्रोलच करतो. तिथे दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह जोडताच येत नाही, कंट्रोलसकट सगळे बदलावे लागते. ही गोष्ट माल आल्यावर कळून उपयोग नाही.

एन्कोडरचे आकडेही जुळायला हवेत. स्क्रूचा पिच दहा मिलिमीटर आणि जुना एन्कोडर एका फेऱ्याला दहा हजार ठोके देणारा असेल, तर एक ठोका म्हणजे एक मायक्रोन. नव्यातून आठ हजार ठोके येत असतील आणि कंट्रोलला ते सांगितले नसेल, तर तो दहा मिलिमीटरसाठी दहा हजार ठोक्यांची वाट पाहील. तोवर स्लाइड साडेबारा मिलिमीटर गेलेली असेल. ते जादा अडीच मिलिमीटर टूलला चकवर आदळायला पुरेसे आहेत.

वायरमनला आणि ऑपरेटरला इजा होऊ नये म्हणून काही गोष्टी टाळू नयेत. अनेक लेथचा बेड तिरका असतो. त्यावरची एक्स स्लाइड मोटार काढताच वजनाने खाली घसरते. आधी तिला लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि त्या बाजूची नवी मोटार ब्रेकची घ्यावी. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणा दाब राहतो, तेव्हा ड्राइव्हवर लिहिलेली वेळ पाळावी. आपल्याकडची थ्री फेज वीज ४१५ व्होल्टची असते आणि कित्येक ड्राइव्ह दोनशे-सव्वादोनशे व्होल्टचे असतात. तिथे ट्रान्सफॉर्मर लागतोच. अर्थिंग नीट करावे. पॅनेलचे दार उघडे ठेवून बाहेरून पंखा लावण्याची सवय मोडावी. त्याने गारवा मिळतो, पण धूळ, तेल आणि शेजारी माग असतील तर सुताचा भुगाही आत जातो.

हात लावण्याआधीचे सर्वांत स्वस्त काम म्हणजे कंट्रोलमधले सगळे पॅरामीटर वहीत उतरवणे. जुन्या कंट्रोलची स्मृती एका छोट्या बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की यंत्र स्वतःचीच मापे विसरते. ती बदलताना यंत्राची वीज चालू ठेवायची असते.

नवी मोटार बसली की सुरुवात हळू वेगाने, चक रिकामा ठेवून, एक हात इमर्जन्सी बटणावर ठेवून करावी. दोन्ही टोकांचे लिमिट स्विच काम करतात का ते पाहावे. मग डायल पुन्हा लावून आधीचे आकडे शेजारी लिहावेत. त्यानंतर पन्नास पिना काढून एकेक मोजावी आणि त्यात सकाळच्या व दुपारच्या वेगळ्या ठेवाव्यात.

लहान वर्कशॉपला मोटारीच्या किमतीइतकेच यंत्र बंद राहिलेले दिवस महाग पडतात. दिलेली तारीख चुकली की काम दुसरीकडे जाते. डायल लावून तपासायला एक दिवस मोडेल. त्यात दोष स्क्रूचा निघाला तर मोटारीचे पैसे वाचतील, आणि मोटारीचा निघाला तर ते निःशंक मनाने खर्च करता येतील. जुनी मोटार लगेच भंगारात घालू नये. महिनाभर कोपऱ्यात झाकून ठेवावी. नव्याने दगा दिला तर हातातले काम पुरे करायला तीच उपयोगी पडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)