मोटारीचे टायर आणि नगरचें हवामान

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला कीं कोपरगांव, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांतील रस्त्यांवर साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा लागतात. या गाड्यांकडे जरा निरखून पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. जुन्या बैलगाडीच्या लांकडी चाकाला लोखंडी धांव असे. या गाड्यांना रबरी टायर असतात, आणि लोकही तिला 'टायरगाडी' असेंच म्हणतात. लोखंडी धांवेला उन्हापावसाची पर्वा नव्हती. फार तर उन्हाळ्यांत चाकाचें लांकूड सुकून ती सैल होई व लोहाराकडे एक फेरी पडे. रबराचें तसें नाहीं. तें उन्हानें तापतें, थंडीनें कडक होतें, आणि न वापरतां नुसतें ठेवलें तरी म्हातारें होतें. बैलाच्या चालीनें जाणाऱ्या गाडीवानाला याची चिंता करण्याचें कारण नाहीं. घरची मोटार मात्र ताशीं शंभर किलोमीटरनें धांवते, आणि तींत घरचीं सर्व माणसें बसलेलीं असतात.

अहिल्यानगर जिल्हा (हें नांव २०२४ सालीं अधिकृत झालें, बोलण्यांत अजून 'नगर'च चालतें) क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे, आणि त्याचें हवामान एक नाहीं. पश्चिमेचा अकोले तालुका सह्याद्रीच्या कण्यावर वसला आहे. राज्यांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, तेथेंच आहे, आणि त्याच तालुक्यांतील घाटघर, रतनवाडी या गांवीं एका पावसाळ्यांत कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून सुमारें दीडशें किलोमीटरवर असलेल्या नगर शहरांत वर्षाचा पाऊस सहाशें मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि कर्जत, जामखेड, पारनेर हे तालुके तर अवर्षणासाठींच प्रसिद्ध. मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पौषांतल्या पहाटे तो दहा अंशांच्याही खालीं उतरतो.

जुलैंतल्या एखाद्या रविवारीं नगरचें एखादें कुटुंब भंडारदऱ्याचें धरण पाहावयास निघतें. हें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि पावसाळ्यांत तें पाहण्यास अजूनही गर्दी लोटते. सकाळीं नगरला रस्ता कोरडा असतो. कोल्हार, लोणी, संगमनेर मागें पडतात, अकोल्याच्या पुढें राजूरपाशीं धुकें लागतें, आणि शेंडीच्या अलीकडे पाऊस असा कीं कांच पुसणारे दांडे अपुरे पडावे. चार तासांत मोटारीनें दोन हवामानें ओलांडलीं, पण टायर तेच. मग टायर कोणत्या हवामानासाठीं निवडावे?

याचें उत्तर शोधण्यापूर्वीं टायर काम काय करतो हें पाहिलें पाहिजे. माणसांसह चौदाशें किलो वजनाच्या मोटारींत प्रत्येक चाकावर सरासरी साडेतीनशें किलो भार येतो. हा भार मुख्यतः आंतली हवा तोलून धरते. हवेचा दाब दर चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २.३ किलो, धरला तर जमिनीला टेकलेला भाग दीडशें चौरस सेंटिमीटरच्या जवळपास भरतो. पोस्टकार्डाहून तो किंचित् मोठा. मोटारीचें वळणें, थांबणें, घाटांत तोल सांभाळणें हें सारें अशा चार पोस्टकार्डांवर चाललेलें असतें.

पावसांत या पोस्टकार्डाखालीं पाणी येतें. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी सांचलें असेल आणि १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशीं ८० किलोमीटरनें त्यावरून जात असेल, तर त्याला दर सेकंदास बारा लिटरांहून अधिक पाणी बाजूला सारावें लागतें. एका सेकंदांत एक बादली! टायरवरील खांचांची नक्षी शोभेसाठीं नाहीं, या पाण्याला वाट देण्यासाठीं आहे. खांचा झिजल्या कीं पाण्याला वाट उरत नाहीं, तें टायरच्या पुढें पाचरीसारखें शिरतें आणि चाक जमीन सोडून पाण्यावर तरंगूं लागतें. त्या क्षणीं चालकाच्या हातांत नुसतें गोल चाक राहतें. तें फिरवून गाडी वळत नाहीं, ब्रेक दाबून थांबत नाहीं. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत विमानांच्या चाकांवर प्रयोग करून असा नियम बसविला कीं हा तरंगण्याचा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या हिशेबानें ३३ पौंड दाबाचा गुळगुळीत टायर पुरेशा पाण्यांत ताशीं सुमारें ९५ किलोमीटरला तरंगतो, आणि दाब २५ पौंडांवर उतरला तर ८३ किलोमीटरलाच. हवा कमी ठेवली कीं पावसांत पकड वाढते, असा जो समज पुष्कळांच्या मनांत असतो, तो मोटारीच्या बाबतींत येथें उलटा पडतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांप्रमाणें मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल असतां कामा नये. खांचांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली कीं टायरचें आयुष्य संपलें. पण हा कायद्याचा शेवटचा टप्पा आहे, शहाणपणाचा नव्हे. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर खोल नक्षीचा असतो. कर्जत-जामखेडकडे कोरड्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला दोन मिलिमीटर नक्षी एखादा महिना चालून जाईल. परंतु पावसाळ्यांत अकोल्याच्या घाटाकडे जाणाऱ्यानें तीन मिलिमीटर राहिली कीं टायर बदलावे. हें जूनपूर्वीं करावें. पहिल्या सरीचा दिवस यासाठीं सर्वांत वाईट, कारण महिनोन्महिने रस्त्यावर सांचलेलें तेल व धूळ त्या सरींत कालवली जाते आणि डांबरावर जणूं साबण पसरतो.

उसाच्या पट्ट्यांत आणखी एक विघ्न आहे. शेतांतून निघालेले ट्रॅक्टर आपल्या मोठ्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडीत जातात, आणि अवकाळीचा शिंतोडा पडला कीं तिचें लोणी होतें. या चिकण मातीनें नक्षी भरली कीं उत्तमांतला उत्तम टायरही गुळगुळीत टायरासारखा वागतो. येथें निवडीचा उपाय नाहीं. वेग कमी करणें एवढाच उपाय आहे. रस्ता सोडून काळ्या रानांत मोटार घालणाऱ्यांनीं नगरच्याच रणगाडा संग्रहालयांत एक चक्कर मारावी. १९९४ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत पोलादी पट्ट्यांवर चालणारीं अवजड धुडें उभीं आहेत. चाळीस टनांहून जड असा आधुनिक रणगाडा आपल्या रुंद पट्ट्यांमुळें जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी दाब देतो, आणि घरची हलकी मोटार सवादोन किलोहून अधिक. चिखलांत आधीं कोण रुतेल हें सांगावयास नको.

उन्हाळ्याचें प्रकरण याहून गंभीर आहे, आणि गैरसमजही त्यांतच अधिक. मे महिन्यांत भर दुपारीं रस्त्याचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तापलेली हवा फुगते, म्हणून टायर फुटूं नये यासाठीं उन्हाळ्यांत हवा कमी भरावी, असा सल्ला पेट्रोलपंपावर हमखास मिळतो. ऐकावयास तो सयुक्तिक वाटतो, पण परिणाम उलटा होतो. पहाटे २५ अंश तपमानांत ३३ पौंड भरलेली हवा ६० अंशांवर गेली तर दाब सुमारें साडेपांच पौंडांनीं वाढतो, आणि टायर बनविणाऱ्यानें ही वाढ आधींच हिशेबांत धरलेली असते. धड टायर तेवढ्यानें फुटत नाहीं. तो फुटतो तो बहुधा आंतून शिजून. हवा कमी असली कीं जमिनीला टेकतांना टायरच्या बाजूची भिंत प्रमाणाबाहेर वांकते. १८५/६५ आर १५ मापाचें चाक एका फेऱ्यांत सुमारें १.९५ मीटर जातें. म्हणजे ताशीं १२० किलोमीटर वेगांत तें सेकंदाला सतरा वेळां फिरतें आणि भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळां वांकून सरळ होतो. तार हातांत धरून सारखी मागेंपुढें वांकविली तर ती गरम होते, तसेंच हें आहे. या उष्णतेनें रबर व आंतील पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटतात, आणि मग एकाएकीं टायर फाटतो.

समृद्धि महामार्गामुळें हा प्रश्न नगर जिल्ह्याच्या दाराशीं आला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. कोपरगांव तालुक्यांतून जाणाऱ्या या सरळ रस्त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्यांत ना चौक, ना सावली, ना विसाव्याचें निमित्त. जुन्या नगर-मनमाड रस्त्यावर खड्ड्यांमुळें वेगाला आपोआप लगाम बसे आणि टायरला निवण्यास सवड मिळे; येथें तो तास-दोन तास अखंड तापत राहतो. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ सालीं परिवहन खात्यानें या मार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्यास आरंभ केला, व झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडविल्या जाऊं लागल्या. घरच्या मोटारीसाठीं नियम सोपा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दाबाचा तक्ता चिकटविलेला असतो. एकट्यासाठीं किती आणि पांच माणसें व सामान असतांना किती, हे दोन्ही आंकडे त्यांत असतात. हवा सकाळीं, चाकें थंड असतांना, त्या तक्त्याप्रमाणें भरावी, आणि वाटेंत दाब वाढलेला दिसला म्हणून काढूं नये. नायट्रोजन भरण्याचा आग्रह धरण्याचें फारसें कारण नाहीं. साध्या हवेंतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. विकतचा नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो, इतकाच काय तो लाभ.

थंडीविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. जर्मनींत किंवा कॅनडांत राहणारीं मराठी कुटुंबें हिवाळ्यापूर्वीं चारही टायर बदलतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळांत हिवाळी टायर कायद्यानेंच बंधनकारक आहेत. साधें रबर सात अंशांच्या खालीं कडक होऊं लागतें, म्हणून तिकडचें रबर मुद्दाम मऊ बनविलेलें असतें. त्याच्या बाजूवर डोंगर व हिमकण यांचें चिन्ह असतें. नगरच्या पहाटे पारा सात अंशांवर आला तरी दुपारीं तो पंचवीस-तीस होतो, आणि मेमध्यें हें मऊ रबर भराभर झिजून जाईल. परदेशांतून परतलेल्या नातलगाच्या सल्ल्यानें असे टायर शोधीत बसूं नये.

तेव्हां नगर जिल्ह्यापुरतें हवामानागणिक टायर बदलण्याचें कारण नाहीं. एकच चांगला संच पुरतो, मात्र तो वाचून घेतला पाहिजे. टायरच्या बाजूवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असें कांहीं लिहिलेलें असतें. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्यें, ६५ ही भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा प्रमाणांत, १५ हा चाकाचा व्यास इंचांत. ८८ या आंकड्याचा अर्थ ५६० किलो भार, आणि 'एच' म्हणजे ताशीं २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. 'टी' असेल तर १९०. वेगाचें हें अक्षर पाहून, आपण काय विमान चालविणार आहों, असें म्हणून खालचें अक्षर स्वस्तांत घेणारे लोक असतात. तें अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचेंही माप आहे, म्हणून मोटार बनविणाऱ्यानें सांगितलें असेल त्याहून खालचें घेऊं नये. त्याचप्रमाणें दिसावयास भारदस्त म्हणून रुंद व बुटक्या भिंतीचे टायर बसविण्याची हौस तरुण मंडळींत आढळते. रुंद टायर पाण्यावर लौकर तरंगतो, आणि बुटकी भिंत खड्ड्यांत आपटली कीं आंतल्या दोऱ्या तुटून तिला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं.

बाजूवर चार आंकडी तारीखही असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आठवड्यांतून एकदां बाजारांत जाणाऱ्या मोटारीची नक्षी सात वर्षांनींही नवी दिसते, पण रबरांत बारीक भेगा पडलेल्या असतात. पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून टायर तपासून घ्यावे, आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. दुकानांत नवा म्हणून दिलेला टायर दोन-तीन वर्षें गोदामांत पडलेला नाहीं ना, हेंही याच आंकड्यांवरून कळतें.

खर्चामुळें एका वेळीं दोनच टायर घेतां आले, तर ते कोठें बसवावे? बहुतेक घरगुती मोटारींचीं पुढचीं चाकें ओढणारीं असतात आणि तींच आधीं झिजतात, म्हणून नवी जोडी पुढें बसवावी असें वाटणें स्वाभाविक आहे. ती मागें बसवावी. ओल्या वळणावर पुढचीं चाकें घसरलीं तर गाडी कमी वळते. वेग कमी केला कीं बहुधा पुन्हां ताब्यांत येते. मागचीं घसरलीं तर गाडी स्वतःभोंवतीं फिरते, आणि तिला सांवरणें कसलेल्या चालकालाही कठीण. राजूरच्या पुढच्या वळणांवर हा फरक जिवावर बेततो.

राहिली स्टेपनी. सामानाखालीं दडलेल्या या पांचव्या चाकाची हवा वर्षवर्ष कोणी पाहत नाहीं, आणि पंक्चर होतें तें बहुधा पावसांत, जेथें मोबाईलला रेंज नाहीं आणि दुकान वीस किलोमीटरवर आहे अशा ठिकाणीं. तिचा दाबही त्याच सकाळीं पाहावा, तारीखही वाचावी, आणि जॅक व पाना जागेवर आहेत याची खात्री करून मग सामान भरावें.