डिस्क रिकामी, तरी फाइल बसेना
लेखमाला : घरचा संगणक, भाग नववा

काष्टीचा शनिवार जनावरांच्या बाजाराचा. श्रीगोंदा तालुक्यातली आणि भीमेपलीकडची, दौंडकडची माणसं त्या दिवशी गावात येतात आणि एका फेरीत चार कामं उरकतात. लग्नसराईत त्यातलंच एक काम असू शकतं : स्टुडिओत हार्ड डिस्क देऊन लग्नाची फिल्म भरून घेणं. समजा, बाजार आटोपून माणूस परत आला आणि स्टुडिओवाला म्हणाला, "फोटो गेले, हळदीची क्लिप गेली, पण लग्न काही जात नाही." डिस्कमध्ये तीनशे जीबी मोकळे दिसतायत, फिल्म जेमतेम सहा जीबीची. अशा वेळी शेजारी उभा असलेला कुणीतरी हमखास तोडगा सुचवतो : फॉरमॅट मारा.

तोडगा कधी बरोबरही निघतो. पण त्याच डिस्कमध्ये नातवाचं बारसं असतं, गेलेल्या आजोबांचे फोटो असतात, आणि फॉरमॅट केल्यावर तेही जातं. म्हणून या भागाचं सूत्र सुरुवातीलाच सांगतो. डिस्क नवी फाइल घेत नसेल, तर ती जुन्या फाइली अजून देते का, हे आधी बघा. देत असेल तर त्या दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

डिस्क म्हणजे जमीन धरली, तर तिची फाइल सिस्टिम म्हणजे सातबारा. कुठली फाइल कुठे, किती जागेत, याची नोंद तिथे होते. जमीन मोकळी असूनही नोंदच होत नसेल, तर फाइल आत जाणार नाही. तेव्हा डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइल सिस्टिमपुढे काय लिहिलंय ते वाचा. फॅट ३२, एनटीएफएस किंवा एक्सफॅट, यांपैकी एक नाव दिसेल.

फॅट ३२ दिसलं, तर लग्न का अडलं ते कळलंच. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिट ठेवलेले आहेत. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठी एकही फाइल ती डिस्क घेणार नाही, मग मोकळी जागा कितीही असो. कॅमेऱ्यात हे जाणवत नाही, कारण ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर हीच पद्धत असते आणि अनेक कॅमेरे लांब शूटिंगचे आपोआप तुकडे पाडतात. एडिटिंगमध्ये तुकडे जोडून सलग फिल्म झाली, की अडचण उघडी पडते. जुन्या टीव्हीवर चालावी म्हणून कुणी हौसेनं डिस्क फॅट ३२ केलेली असते, तिथे हे हटकून होतं.

यावर तीन वाटा आहेत. फिल्मचे चार जीबीच्या आतले भाग करा. जुन्या टीव्हीसाठी हेच सोयीचं. दुसरी वाट, विंडोजमधली 'कन्व्हर्ट' ही आज्ञा : ती आतला डेटा न पुसता फॅट ३२ चं एनटीएफएस करते. मात्र वाट एकेरी आहे, आणि मधेच लाइट गेली तर पंचाईत, त्यामुळे आधी प्रत काढलेली हवीच. तिसरी वाट, सगळं उतरवून घेऊन डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं.

फॅट ३२ ची आणखी एक मर्यादा फोटोवाल्यांना गाठते. एका फोल्डरमध्ये जास्तीत जास्त ६५,५३४ नोंदी बसतात. कॅमेऱ्यानं दिलेलं आखूड इंग्रजी नाव एका नोंदीत मावतं. लांब किंवा देवनागरी नावाला दर १३ चिन्हांमागे एक जादा नोंद लागते. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'काष्टी' हे डोळ्यांना दोन अक्षरी नाव संगणक सहा चिन्हांत लिहितो. नाव २६ चिन्हांपर्यंत गेलं की प्रत्येक फाइल तीन नोंदी खाते आणि फोल्डर २१ हजार आठशेच्या आसपास भरतो. उपाय बिनखर्चाचा आहे : हळद, लग्न, वरात असे वेगळे फोल्डर करा.

आता दुसरा प्रकार. इथे फाइल छोटी असो वा मोठी, डिस्क काहीच घेत नाही. वाचायला मात्र सगळं देते. एडिटिंग पुण्यात मॅकवर होत असेल, तर पहिला संशय तिथेच घ्या. एनटीएफएस ही १९९३ सालापासूनची विंडोजची पद्धत मॅक वाचतो, पण त्यावर आपणहून लिहीत नाही. डिस्क बिघडलेली नसते. दोन्हीकडे लिहिता यायला हवं असेल तर २००६ साली आलेलं एक्सफॅट बरं. मात्र त्याला एनटीएफएससारखी बदलांची रोजनिशी नसते, त्यामुळे कॉपी चालू असताना वायर ओढली किंवा लाइट गेली, तर नोंदी बिघडण्याचा धोका जास्त. 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय वायर काढू नका.

कार्डाच्या बाबतीत कडेची बारीक खिट्टी 'लॉक'वर सरकलेली नाही ना, ते बघा. आणि मॅकवर डिस्कमधल्या फाइली डिलीट करूनही जागा मोकळी होत नसेल, तर त्या डिस्कवरच्याच लपलेल्या कचऱ्यात पडून असतात. डिस्क जोडलेली ठेवून ट्रॅश रिकामं करा.

तिसरा प्रकार काळजीचा. कॉपी सुरू होते, मधेच थांबते, डिस्क गायब होते, पुन्हा दिसते. इथे आधी स्वस्तातल्या वस्तू तपासा. वायर बदला. हब किंवा संगणकाच्या पुढच्या बाजूचं पोर्ट सोडून मागचं वापरा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ठरलेला प्रवाह ५०० मिलीअॅम्पिअर, यूएसबी ३ मधून ९००. चकती फिरवायला तो पुरला नाही तर चांगली डिस्कही अडखळते. वायर आणि पोर्ट बदलून काम झालं, तर खर्च शेदोनशेवर मिटला.

तरीही अडखळत असेल, टकटक आवाज येत असेल, साधा फोल्डर उघडायला मिनिट लागत असेल, तर डिस्कचं शरीरच थकलंय. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कनं स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद दाखवतं. बदललेले सेक्टर आणि वाचायचे राहिलेले सेक्टर हे दोन आकडे बघा. ते वाढत असतील तर त्या डिस्कवर पुन्हा काही लिहू नका. 'चेकडिस्क'ही चालवू नका. ते नोंदी दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, सेक्टर तपासायला लावलं तर अख्खी डिस्क तासन्‌तास घासतं, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच जाऊ शकते. जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी उतरवा : आधी घरचे फोटो, मग कागदपत्रं, सिनेमे शेवटी, किंवा नाहीच. डिस्क दिसेनाशीच झाली, तर ती उघडायच्या फंदात पडू नका. आत धुळीचा कण गेला तरी नुकसान होतं.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला एक नियम स्टुडिओवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. घरच्या माणसाला एवढं जमलं नाही, तरी दुसरी डिस्क भावाच्या किंवा मामाच्या घरी ठेवणं जमतं. दुसरी प्रत असली, की शेजाऱ्याचा 'फॉरमॅट मारा' हा सल्लाही निर्धास्तपणे मानता येतो.

पुढच्या भागात : चुकून डिलीट झालेले फोटो परत कसे मिळतात, आणि ते मिळेपर्यंत कार्डाला हात का लावायचा नाही.