जिवाणूंच्या पोटातले प्लॅस्टिक आणि आपली साखर



मागल्या गट सभेत बेणे बदलाची माहिती सांगून झाली आणि मी कागद आवरायला घेतले, तेवढ्यात एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "साहेब, साखरेपासून पलास्टिक होते म्हणतात. मंग आपल्या उसाले भाव जास्ती भेटन का?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि माझे त्या दिवशीचे उत्तर अर्धवट होते. ते आज पुरे करतो.

पहिली गोष्ट, हे प्लॅस्टिक साखर वितळवून होत नाही. ते जिवाणू तयार करतात, आणि तेही आपल्या पोटात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ मॉरिस लम्वान यांना १९२६ साली बॅसिलस मेगॅटेरियम नावाच्या जिवाणूत हा पदार्थ सापडला. नाव लांबलचक आहे, पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट. आपण पी.एच.बी. म्हणू. हा जिवाणू तुम्हांला परका नाही. स्फुरद विरघळवणारे पी.एस.बी. संवर्धन आपण बेण्याला लावतो, त्यात पुष्कळदा हाच असतो. अ‍ॅझोटोबॅक्टरसुद्धा पोटात पी.एच.बी. साठवतो. म्हणजे प्लॅस्टिक करणारे हे कारागीर आपल्या वावरात आधीपासूनच आहेत.

ते हे का करतात? आपल्या अंगावर चरबी साठते तसेच आहे हे. खायला गोड भरपूर, पण नत्र किंवा स्फुरद कमी पडले की जिवाणूला वाढता येत नाही. मग तो जादा अन्न दाण्यांच्या रूपाने साठवून ठेवतो. उसाचे वेगळे काय असते? नत्र आणि पाणी मिळत राहिले की ऊस नुसता वाढतो, साखर धरत नाही. म्हणून तर मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकू नका असे मी दरवर्षी सांगतो (आणि निम्मे लोक टाकतातच). काही जातींचे जिवाणू तर असे उपाशी-तुपाशी ठेवले की वाळल्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत प्लॅस्टिक साठवतात. नंतर ते फोडून आतला माल काढायचा. ही पायरीही खर्चाची.

आता आपल्या नागपूरचे पाहा. नेहरू मार्गावरील 'नीरी' संस्थेतील शास्त्रज्ञांनी या विषयावर केलेले काम २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी साखर वापरलीच नाही. दूध व खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या सांडपाणी केंद्रातला जिवाणूंचा गाळ घेतला आणि त्याला खायला आसवनीचे स्पेंटवॉश दिले. ज्वारीच्या आसवनीच्या स्पेंटवॉशमधून प्रथिने काढून टाकली तेव्हा गाळात सुमारे ४२ टक्के पी.एच.बी. साठले. प्रथिने काढली म्हणजे नत्र कमी केले, हे ध्यानात आले असेल. तांदळाच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये मात्र डाय-अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपल्या डी.ए.पी.मधलेच द्रव्य, घातल्यावर प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले. पण तेच द्रव्य इतर सांडपाण्यांत घातले तर प्लॅस्टिक घटले. जमीन पाहून खत द्यावे तसे जिवाणूलाही सांडपाणी पाहून द्यावे लागते.

मात्र हे प्रयोग धान्याच्या आसवनीच्या स्पेंटवॉशवरचे होते. मळीपासूनचे स्पेंटवॉश काळेभोर आणि पालाशयुक्त असते. त्यात तेच आकडे येतील असे मी म्हणणार नाही.

साखरेपासूनचा हिशेब ब्राझीलने करून पाहिला आहे. तेथे साव पावलो राज्यात सेर्राना येथील एका साखर कारखान्याच्या आवारात १९९५ साली पी.एच.बी.चा छोटा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. वाफ आणि वीज बगॅसची, माल काढायचे द्रावण आसवनीच्याच उपपदार्थातले. एवढी सगळी सोय घरची असूनही एक किलो प्लॅस्टिकला तीन किलो साखर लागे. आता आपला हिशेब धरा. साडेदहा टक्के उताऱ्याने एक टन उसाची १०५ किलो साखर, तिचे प्लॅस्टिक ३५ किलो. २०१९ साली ठरलेला साखरेचा किमान दर ३१ रुपये धरला तरी किलोमागे ९३ रुपयांची नुसती साखरच गेली. जिवाणू वाढवणे, फोडणे, माल शुद्ध करणे हे सगळे त्यावर. खनिज तेलाचे साधे प्लॅस्टिक याच्यापुढे स्वस्त पडते. तेव्हा काकाजी, पी.एच.बी.च्या जोरावर टनाला भाव वाढेल असे आज तरी मला वाटत नाही. स्पेंटवॉशचे वेगळे. त्याची विल्हेवाट लावायलाच पैसे लागतात, म्हणून त्यातून काही निघाले तर ते जमेचे.

दुसरा एक प्रकार आहे, पी.एल.ए.चा. यात जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करून देतात, म्हणजे दह्यातलेच आम्ल, आणि पुढची जोडणी यंत्रात होते. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ साली वर्षाला ७५ हजार टनांचा असा प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी प्राज कंपनीने जेजुरीला प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. पण पी.एल.ए. वावरात सहजी कुजत नाही. त्याला ५५-६० अंश उष्णतेचा कंपोस्टचा ढीग लागतो. पी.एच.बी. मात्र साध्या मातीतले जिवाणूही खाऊन टाकतात.

हे सांगायचे कारण असे की एक डोळा रोपांसाठी "कुजणाऱ्या" पिशव्या घेऊन विक्रेते गावोगाव हिंडतात. दोन वर्षांपूर्वी मीही अशा पिशव्या प्लॉटवर वापरल्या. उन्हाने त्यांचा नुसता भुगा झाला, आणि तो भुगा अजून सरीत सापडतो. तुकडे होणे म्हणजे कुजणे नव्हे. पिशवी घेताना आय.एस. १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका.

सध्या बाजारातल्या तीन प्रकारच्या पिशव्या आम्ही कारखान्याच्या प्रेसमड खताच्या ढिगात आणि शेजारच्या वाफ्यात पुरल्या आहेत. जागेवर खुंट्या ठोकल्या आहेत. चार महिन्यांनी उकरणार आहोत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गट कार्यालयात नाव देऊन ठेवावे, दिवस आधी कळवू.

— ऊस विकास अधिकारी